टिकलीची जागा

बाबा बोटीवर गेले की काशीदच्या घरी आई एकटीच असे. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून कपाळावरची लाल टिकली काढून तिने फोनच्या काचेवर, बरोबर माझ्या फोटोवर चिकटवली होती. "आरशाला लावते तशी ह्याला लावली," हसून म्हणायची. "दाबली की तू बोलतेस."

त्या मंगळवारी दुपारी फोन आपोआप अपडेट झाला. स्क्रीन फार देखणी झाली. रंग फिके, चित्रं गोल, खालची नावं गेलेली, आणि सगळंच आपल्या जागेवरून हललेलं.

संध्याकाळी आईच्या छातीत कळ आली. मला तिचा फोन आला नाही.

बाराव्याला शेजारच्या कोकिळाकाकी माझ्याजवळ येऊन बसल्या. "त्या सांजेला तुझ्या आईच्या खिडकीत मोबाईलचा टॉर्च लागत होता नि विझत होता गो, सारखा. मला वाटलं, कायतरी पडलं हाय, शोधतेय."

मी आईचा फोन उघडला. टिकली होती तिथेच होती. मी तिच्यावर बोट ठेवलं.


खोलीत लख्ख उजेड पडला.