पाच नंबरची खाट

पाच नंबरच्या खाटेची तार तिनं स्वतःच्या हातानं काढली. खाट कसली, यंत्राच्या चाचणीसाठी खोटे ठोके देणारी टेबलावरची एक पेटी. हॉस्पिटलात तिच्या जागी माणूस असणार. तार निघाली की हृदयाचे ठोके शून्य आणि भोंगा सुरू, हे ठरलेलं. भोंगा वाजलाही. मग पडद्यावर पाच नंबरपुढे क्षणभर बहात्तर आकडा चमकला, आणि भोंगा गप्प झाला.

ते बहात्तर ठोके नऊ नंबरचे होते.

चूक तिचीच, म्हणून शोधायला वेळ लागला नाही. यंत्राचा प्रोग्रॅम तिनंच लिहिलेला. पूर्वी आलेला आकडा एका बफरमधून, म्हणजे तात्पुरत्या कप्प्यातून, दुसऱ्यात उतरवून मग पडद्यावर जायचा, त्यात भोंग्याला चार सेकंद उशीर व्हायचा. तिनं ती उतरवाउतरवीच काढून टाकली. आकडा येईल त्याच बफरमधून पडद्यानं थेट वाचायचा, आणि वाचून झालं की बफर परत द्यायचा. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. पण ‘झालं, घ्या परत’ सांगणारी ओळ तिनं जरा आधीच लिहिली होती. पडद्याचं वाचून होण्याआधीच तिथे दुसऱ्या खाटेचा आकडा येऊन बसायचा. नेहमी नाही, कधीतरी.

तिनं ओळ खाली सरकवली. दाराशी पॅकिंगवाले मामा शेवटच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होते.

“सापडलं ना?” साहेब आत येत म्हणाले. “मग झालं की. तासाभरात दुरुस्त प्रोग्रॅम सगळ्या यंत्रांत भरून टाकू. गाडी खाली उभी आहे.”

“चाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागेल. तीन दिवस.”

साहेब स्टुलावर बसले. माणूस वाईट नव्हता, दमला होता. “अगं, तिकडे हॉस्पिटलात पेशंट आणून ठेवलेत त्यांनी. मी काय तोंडानं सांगू?”

तिला घरी जायचं होतं. आज तरी उजेडी ये गं, असं आई चार दिवस म्हणत होती. मान डोलावली असती तरी सुटका होती, आणि तिला सुटका हवीच होती, खोटं कशाला बोला.

“साहेब, तुम्ही पाठ थोपटलीत तेव्हाही मी झालंच म्हटलं होतं,” ती म्हणाली.

साहेब फोन घेऊन बाहेर गेले. मामांनी नुकतीच लावलेली पट्टी नखानं उचकटायला घेतली.

तिनं चाचणी पहिल्यापासून सुरू केली आणि पाच नंबरची तार पुन्हा काढली. भोंगा ओरडायला लागला. एक मिनिट झालं, पाच झाली, दहा झाली.

“बंद कर बाई आता,” मामा म्हणाले. “डोकं उठलं.”

“वाजू द्या, मामा.” तिनं टेबलावर हात दुमडले आणि त्यावर डोकं टेकलं. “थांबला तर तेवढं उठवा मला.”