उकाड्यातली गोधडी

नजर अधू झाली आणि सासूबाईंची गोधडी अर्धीच राहिली. “मी करते पुरी,” सुनेने सगळ्यांना तोऱ्यात सांगितलं. विरलेल्या जागी तिने ठिगळं लावली, थोडे टाके घातले, मग कंटाळून उरलेली गोधडी गुपचूप शिंप्याकडून मशीनवर शिवून आणली.

“झाली बाई एकदाची! बोटांची पार चाळण झाली,” म्हणत तिने ती सासूबाईंच्या पलंगावर ठेवली. सासूबाईंनी गोधडीवरून बोट फिरवलं. हाताचे टाके संपले तिथे बोट जरा थबकलं. “छान झालीय,” एवढंच त्या म्हणाल्या.

दुपारी नणंद आली. “उलगड ना आई, बघू तरी वहिनीच्या हातचे टाके!” तिने घडीला हात घातला तशी सून लगबगीने पुढे झाली.

सासूबाईंनी चटकन पलंगावर आडवं होत नवा भाग अंगाखाली सारला आणि जुना गळ्यापर्यंत ओढून घेतला. “राहू दे गं. थंडी भरलीय मला.”

“या उकाड्यात?”

“वय झालं माझं. सूनबाई, तो पंखा बंद कर बरं.”

सुनेने पंखा बंद केला. वळून बघते तर सासूबाई घामाने निथळत होत्या आणि लेकीला सांगत होत्या, “बोटांची पार चाळण झाली गं पोरीच्या.”