पेटीचे खटके

कल्पना करा, बाळांनो, की तुमच्या हातात एक लांबट काळी पेटी आहे. तशी हलकीच, पण आत जे आहे ते तुमचं नाही, म्हणून जड वाटते. समोर लांबच लांब खोली. त्या टोकाला बाई बसल्या आहेत आणि मधे नुसती फरशी, साधी सतरंजीसुद्धा नाही. आता चालायला लागा.

मुंगी अशीच चालत होती. व्हायोलिनच्या वर्गातला तिचा तो दुसराच दिवस. वर्ग झाडणाऱ्या लंबूदादाने झाडू भिंतीला टेकवून तिला मायेनं म्हटलं होतं, "जा गं, तेवढी पेटी बाईंना नेऊन दे. तू गुणाची आहेस."

खोलीच्या मध्यावर पेटीने जबडा वासला. व्हायोलिन फरशीवर आपटलं आणि त्याची मान धडापासून निखळून तारांना लोंबकळत राहिली.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळ्या वर्गाला उभं केलं आणि शांतपणे सांगितलं, की ज्याच्या हातून वाद्य पडतं त्याच्या हाती वाद्य द्यायचं नसतं. यापुढे मुंगी झाडेल, पुसेल, पेट्या जागच्या जागी लावेल.

"कधीपर्यंत, बाई?"

"तुझ्याहून वेंधळं कुणी सापडेपर्यंत."

वर्ग खो खो हसला. लंबूदादा तेवढा हसला नाही. तो खाली मान घालून मागच्या ओळीतल्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसला.

मोडकं व्हायोलिन दुरुस्तीला न्यायचं कामही मुंगीकडेच आलं. दुरुस्तीवाले आजोबा बोलके होते, आणि ऐकणारं कुणी भेटलं की त्यांना हुरूप यायचा. तिने पडलेली बारीकशी ढलपीसुद्धा कागदाच्या पुडीत बांधून आणलेली पाहून ते खूश झाले. वाद्य पडलं तर आधी तारा सैल करायच्या, तुकडे वेचायचे, घरचा गोंद चुकूनही लावायचा नाही, हे त्यांनी तिला समजावलं. ते स्वतः सांध्याला गोंद बेताचाच लावत. म्हणजे पडलं तर सांधा सुटतो आणि लाकूड वाचतं.

"पेटी तर मिटलेली होती, आजोबा."

"मिटलेली आणि खटके लावलेली, दुरून दोन्ही सारख्याच दिसतात. उचलण्याआधी अंगठ्याने चाचपायचं." आजोबांनी मानेवरची गोंदाची जुनी रेघ खरवडली. "या व्हायोलिनला पडायची सवयच लागलीय बघ. मागच्या खेपेला तो उंच मुलगा घेऊन आला होता. तोही हेच म्हणाला, पेटी मिटलेली होती."

मुंगीने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग तिने विचारलं, "सांधा पुन्हा सुटला तर पुन्हा जोडता येईल?"

"हवा तितक्या वेळा."

पोरीचा वाद्यावर केवढा जीव, असं आजोबांच्या मनात आलं.

घरी आई रोज विचारायची, आज काय शिकलीस. मुंगी सांगायची, आधी बोटं तयार व्हावी लागतात. एकदा वाजवून दाखव की, असं बाबा म्हणाले की तिला पाणी प्यायला जावं लागायचं. वर्गात कुणी बघत नसताना ती झाडूच्या दांड्यावर बोटं फिरवायची. बघितलंच कुणी तर विचारायचे, "झाडूला तारा किती गं?"

पण काम तिने मन लावून केलं. उन्हाची तिरीप आली की पेट्या खिडकीपासून हलवल्या. तारांवर फिरवायच्या गजाचे केस न चुकता सैल केले, तारांवरची राळ पुसली, खुर्चीवर कुणी व्हायोलिन ठेवलं तर ते उचललं. घरून जुनी सतरंजी आणून खोलीच्या मधोमध अंथरली. तेव्हापासून वर्गातल्या एकाही वाद्याला ओरखडा उठला नाही. एकदा धीर करून तिने बाईंना विचारलं, मी आता वाजवू का?

"इतकी चांगली झाडणारी मी सोडून कशी देऊ?" बाई म्हणाल्या.

मग भिंगरी आली. पुढचे दोन दात पडलेली, जागच्या जागी गिरक्या घेणारी. तिची बोटं कशी लांबसडक आहेत, हे बाईंनी साऱ्या वर्गाला दाखवलं. पहिल्याच दिवशी ती मुंगीच्या हाताला चिकटली. आपले बाबा परगावी असतात आणि ते आले की त्यांना वाजवून दाखवायचंय, हे तिने सांगूनही टाकलं. मुंगीने तिला शेजारी बसवून सगळं शिकवलं. हात धुऊन यायचं, व्हायोलिन मानेला धरूनच उचलायचं, गज सैल करायचा, उन्हात काही ठेवायचं नाही. इतक्या मायेनं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"झालं, ताई? एवढंच?"

"एवढंच."

दुसऱ्या दिवशी मुंगी लवकर आली. सतरंजी धुळीने भरली होती, म्हणून ती गुंडाळून झटकायला बाहेर नेली. मग झाडायला लागली. मुलं जमली, बाई आपल्या जागी बसल्या आणि त्यांनी खोलीच्या त्या टोकावरून व्हायोलिन मागितलं.

मुंगीने फळीवरची काळी पेटी खाली काढली. आजोबांनी शिकवलं होतं तसं अंगठ्याने चाचपून पाहिलं. दोन्ही खटके घट्ट लागलेले होते.

तिने आवाज न करता ते दोन्ही सोडले, झाडू भिंतीला टेकवला आणि भिंगरीला मायेनं म्हटलं, "जा गं, तेवढी पेटी बाईंना नेऊन दे. तू गुणाची आहेस."