स्टेजवर शोभणारी माणसं

"मॅडम, अहवाल आदर्श वाचंल," अध्यक्ष बाळासो म्हणाले. "राग मानू नका."

शाहूपुरीतला हॉल पतसंस्थेच्या सभासदांनी भरला होता. वार्षिक सभा सुरू व्हायचीच बाकी होती. अहवाल सगळा वर्षाराणीनं तयार केलेला. आणि या संस्थेत सभेला अहवाल वाचतो तोच पुढचा मॅनेजर, हे चहावाल्यालाही ठाऊक.

"माझं चुकलं काय?"

"चुकलं न्हाय ओ. पण स्टेजवर माणूस कसा भारदस्त दिसाय पायजे. तुम्ही पडला बुटक्या, सावळ्या. आदर्शला फेटा बांधला की निम्मी सभा तिथंच गप्प."

आदर्श तिच्याच हाताखाली कर्जप्रकरणं तपासायला शिकलेला. आता तो फेटेवाल्यापुढं मान ताठ करून बसला होता आणि तिच्याकडं बघायचं टाळत होता.

"मग मी काय, सत्काराचं ताट धरू?" ती चिडून म्हणाली.

बाळासोंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. खरोखरच विचार केला.

"ताटाला तेजस्वी हाय की. ती जरा उजळ हाय."

वर्षाराणीला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच संताप आला. माइकलाही कमी, ताटालाही कमी.

तेजस्वी शाल-नारळाचं ताट घेऊन शेजारीच उभी होती. एम.कॉम. झालेली, नुकतीच नोकरीला लागलेली पोरगी. तिनं सगळं ऐकलं. फेटा बांधून आदर्श उठला तशी ती सरळ पुढं गेली आणि ताट त्याच्या हातात दिलं.

"सर, धरा. फेट्यात तुम्हीच शोभताय."

आदर्श ताटाकडं बघत राहिला. बाजूच्या टेबलावर ठेवता आलं असतं. त्यानं ठेवलं नाही.

"ओ मॅडम, ओ," बाळासो मागून म्हणेपर्यंत वर्षाराणी पायऱ्या चढून गेली होती.

माइक आदर्शच्या उंचीला लावलेला. तिनं स्क्रू पिळला, दांडा करकरत खाली ओढला. हॉलभर माना वळल्या.

पहिल्या रांगेतले एक म्हातारे सभासद मायेनं म्हणाले, "पोरी, माइक चालू हाय का बघायला आलीस व्हय?"

"व्हय, अण्णा." आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "चालू हाय. आता ऐका."