समोरच्या माळ्यावरून आलेली ओ

बसा जरा, चहा येतोय तवर आमच्या मुरबाडकडच्या संजीवनीची गोष्ट ऐका.

पोरीची शहापूरला नर्सिंगच्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा हाय. भात पिकलं, तशी ती शेतातल्या लाकडी माळ्यावर बसून पाखरं हाकायची नि शब्द घोकायची. आमच्यात एका माळ्यावरून आरोळी गेली, की दुसऱ्या माळ्यावरच्यानं ओ द्यायची. समोर धोंडाबाईचा माळा.

एका दुपारी पोरीनं गमतीनं आरोळीच्या जागी शब्दच फेकला, "आयसोलेशन!"

समोरून ओ आली, "एकटं पडणं."

पोर हसली. म्हातारीला नातवानं शिकवलं असंल.

"लोनलीनेस!"

"जिवाला कुणी नसणं."

"हॅल्युसिनेशन!"

"नसलेलं ऐकू येणं."

तेवढ्यात धोंडाबाईच भाकरी घेऊन पोरीच्या माळ्याची शिडी चढली. "कुणाला हाका मारतेस गो? मी तर सकाळपासून नदीवर गोधड्या धुतेय."

पोरीनं समोर बोट केलं. "आजी, मग तुझ्या माळ्यावर कोण हाय?"

"कोण नाय."

समोरून आवाज आला, "पुढचा शब्द सांग गो."

"आजी, ऐकलंस ना?"

"काय गो?" म्हातारी भाकरी मोडत म्हणाली.

आता भात कापून झालं, तरी पोर माळ्यावरून उतरत नाय. आता शब्द समोरून येतात म्हणते, नि ती अर्थ सांगते. आमाला तिचे अर्थ तेवढे ऐकू येतात. परीक्षा उद्यावर आली.

चहा झाला की माझ्यासंगं चला. तुमाला ऐकू आलं नाय, तरी तिला "ऐकू आलं" म्हणा, म्हणजे तरी खाली उतरंल.