अर्धा खण

धोंडाबाईनं बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला होता आणि त्यातलं तेल चुरचुरायला लागलं होतं, तेवढ्यात कुशाबाई उंबरा ओलांडून आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. दोन वर्षं झाली, जळोचीत तिला कुणी कुठंच बोलावत नव्हतं.

खाटेवर रतन बसली होती, धोंडाबाईची सून. मांडीवर पाच महिन्यांचं पोर, चोळी सुटलेली, डोळे गच्च मिटलेले. तिच्या डाव्या थानात सुपारीएवढी गाठ लागली होती. सासूच्या हातचा बिब्बा तर गावात नावाजलेला. बैलाचा सुजलेला खांदा असो की माणसाची धरलेली कंबर, धोंडाबाईनं डाग दिला की दुखणं पळालंच म्हणायचं. नाही पळालं तर दुसरा डाग.

"तू हितं कशाला?" धोंडाबाई म्हणाली. "लेकराचं घर हाय. खंडित मूर्त कुणी देव्हाऱ्यात ठेवत न्हाय, कुशे."

हे काही नवीन नव्हतं. पुण्याच्या दवाखान्यात कुशाबाईचं उजवं थान काढलं, ती जगून परत आली, आणि त्या दिवसापासून बायका तिला कुंकू लावायच्या पण तिची ओटी भरायच्या नाहीत. नवरा धडधाकट, दोन लेक कर्ते, आणि बाई मात्र ओटीला चालत नाही! पहिल्यांदा ती रडली. मग तिला राग यायला लागला, आणि राग तिला चांगला मानवला.

"मी देव्हाऱ्यात बसाया न्हाय आले," ती म्हणाली. "दिवा इझव."

"अगं, दुखत बी न्हाय तिला. दोन डागांत बसंल."

"माजी तरी कुठं दुखत हुती?"

कुशाबाईनं पदर टाकला आणि चोळी सोडली. रतननं डोळे उघडले. उजवीकडं छाती सपाट होती. काखेपर्यंत एक लांब व्रण गेला होता, आणि त्याच्या वर, गळ्याच्या हाडाखाली, दोन काळे गोल डाग होते.

"ही रेघ डाक्तरची," कुशाबाई म्हणाली. "आन् हे दोन डाग तुझं, धोंडाबाई. पाच हुतं. तीन गाठीबरूबर गेलं. तू डाग देत ऱ्हाईलीस, मी घेत ऱ्हाईले, आन् गाठ दिवाळीपास्नं शिमग्यापतुर वाढत ऱ्हाईली. तवा मी गप बसले. आता बसायची न्हाय."

सुई खाली आली. तापलेल्या तेलाचा थेंब धोंडाबाईच्याच बोटावर पडला.

कुशाबाईनं रतनच्या गाठीवर बोटं ठेवली. गाठ बोटाखालून निसटली. तिनं पुन्हा धरली, पुन्हा निसटली.

"ही सरकती. माजी दगडावाणी रुतून बसली हुती, वरची कातडी बी आत वढली हुती."

"मंजी भ्या न्हाय ना, मावशी?"

"मला काय ठावं? माजी बोटं काय डाक्तर हायती? ऊठ. बारामतीत डाक्तरीणबाई हाय."

"हिच्या नवऱ्याला, गेणूला, इचारल्याबिगर?" धोंडाबाई म्हणाली.

"का? गेणूला झालीया व्हय गाठ?"

धोंडाबाईनं पोर कडेवर घेतलं आणि ती दोघींच्या मागून कालव्याच्या कडेनं चालायला लागली.

दवाखान्यात भिंतीवर इंग्रज राजाची तसबीर होती. तसबिरीतल्या मिशाळ पुरुषासमोर रतन चोळी सोडेना. डॉक्टरीणबाईंनी राजाला भिंतीकडं तोंड करून टांगलं. मग गाठ चाचपली, काखेत बोटं घालून पाहिलं, आणि काचेची पिचकारी उकळत्या पाण्यातून काढली. सुई आत गेली तशी रतननं कुशाबाईचं मनगट आवळलं. कुशाबाई पिचकारीकडं बघत राहिली. तिच्या वेळी अशीच सुई घातली होती आणि काहीच आलं नव्हतं; गाठ भरीव निघाली होती.

पिचकारीत दूध आलं. पांढरं, दाट. गाठ जागच्या जागी बसली.

"दुधाची गाठ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळाला पाजत राहा. पुन्हा भरली तर लगेच या, नाही भरली तरी दोन महिन्यांनी दाखवून जा. आणि सरकते म्हणून किंवा दुखत नाही म्हणून कुणीही घरी बसू नका." त्यांची नजर धोंडाबाईच्या बिब्ब्याच्या तेलानं भाजलेल्या बोटावर गेली. "बिब्बा लावला असता तर हे सगळं चिघळलं असतं."

घरी आल्यावर धोंडाबाईनं ओसरीवर पाट मांडला. आतून नारळ आणला, गहू आणले, पेटीतला नवा कोरा खण आणला. शेजारच्या तीन दारांतून बायका डोकावायला लागल्या.

"बस, कुशा," ती म्हणाली.

कुशाबाई बसली. कुंकू लावून घेतलं. पण ओटीत खण पडायच्या आत तिनं धोंडाबाईचा हात धरला.

"सबंद खण मला कशाला? माजी चोळी आर्ध्यात निघती. उरल्याल्या आर्ध्याचं तुझ्या नातवाला टोपडं शिव. खंडित बाईच्या खणाचं."

फाटका खण कुणी ओटीत घालत नाही. हे दारातल्या बायकांना ठाऊक होतं, धोंडाबाईला ठाऊक होतं आणि कुशाबाईला तर होतंच. तिनं हात सोडला नाही.

धोंडाबाईनं रतनकडं पाहिलं. पोर डाव्या अंगाला लागून चुरूचुरू पीत होतं.

मग तिनं खणाचा काठ दातांत धरला. तो टर्रकन फाटल्याचा आवाज तिन्ही दारांत ऐकू गेला.