न पाहिलेली टाकी

कारखान्याच्या साहेबांनी पाकिटावरचा नंबर वाचून दाखवला आणि मालनने गोदामाची वही उघडली. त्या पाकिटातलं नाचणीसत्त्व खाऊन दोन वर्षांची एक मुलगी अत्यवस्थ होती. तिला शेंगदाणा सोसत नव्हता, आणि सत्त्वात शेंगदाण्याचं कूट निघालं होतं.

नंबरावरून तारीख सापडली, तारखेवरून टाकी. आदल्या दिवशी त्याच टाकीत कूट साठवलेलं होतं. टाकी साफ करायची ती सुगंधाने, आणि नवऱ्याचं तेरावं उरकून ती त्याच सकाळी कामावर परतली होती. "केली साफ, ताई," ती सुजल्या डोळ्यांनी म्हणाली, तेव्हा आत वाकून बघायला मालनचं मन धजेना. तिने तशीच सही केली होती.

"म्हणजे चूक सुगंधाची," साहेब म्हणाले.

"ती दुःखात होती, साहेब. मी शुद्धीवर होते. टाकी बघायचं काम माझं."

त्या टाकीतली सगळी पाकिटं परत मागवली गेली. मालनची नोकरी गेली.

फाटकापाशी सुगंधा थांबली होती. "ताई, ती पोर बरी आहे ना?"

मुलगी गेल्याचा फोन दुपारीच आला होता. मालनने सुगंधाला पोटाशी धरलं. "चल, तुला घरी सोडते," ती म्हणाली.